तोंडातलं हाड

दाढ काढून दीड महिना झाला तरी खड्डा भरत नव्हता. सकाळी उठलं की तोंडात कुजकी चव असायची. मी तळहातावर श्वास सोडून हुंगायची आणि मला माझीच शिसारी यायची. फुलदाणीतलं पाणी आठ-आठ दिवस बदललं नाही की जसा वास सुटतो, अगदी तसा. माझे यजमान इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढून आता घरी बसलेत. मी समोर बसून बोलायला लागले की ते पेपर हळूच वर धरायचे.

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला मात्र दिवसभर हाड लागायचं. खड्ड्याच्या तळाशी काहीतरी खरखरीत होतं आणि जीभ सारखी तिथंच जायची. शेवटी एका दुपारी मोबाईलचा टॉर्च लावून आरशात तोंड वासलं. लाल हिरडीच्या मधोमध पिवळट-पांढरं, कोरडं हाड. माझं स्वतःचं हाड, उघडं पडलेलं. मटणाच्या भांड्याच्या तळाशी उरतं तसं. मी बेसिनवरच ओकले. त्यानंतर आमच्या घरात मटण झालं ते फक्त यजमानांच्या वाटणीचं.

ज्या डेंटिस्टनं दाढ काढली होती, त्यानं आधी विचारलं होतं, "बीपी? शुगर?" दोन्ही नाही म्हटल्यावर तो कामाला लागला होता. आता त्यानं आत डोकावून बघितलं, त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं मला एका मोठ्या हॉस्पिटलातल्या जबड्याच्या सर्जनकडं पाठवलं. तिथं तरुण बाई होत्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, "आंटी, हाडांसाठी कुठली गोळी घेता का?"

घेत होते ना. साताठ वर्षं, दर गुरुवारी. मनगटाचं हाड साध्या धक्क्यानं मोडलं, तेव्हा सुरू झालेली. त्या गोळीचे नखरे असे की सकाळी अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॉफी नाही. यजमान समोर फुर्र फुर्र करत फिल्टर कॉफी प्यायचे आणि मी शोकेसमधल्या बाहुलीसारखी ताठ. दुपारपर्यंत आंबट ढेकर. गुरुवार उजाडला की गोळीच्या पाकिटाकडं बघूनच मळमळायचं. तरी एक गुरुवार चुकवला नाही.

सर्जनबाईंनी समजावून सांगितलं. हाड म्हणे रोज थोडं झिजतं, थोडं नवं होतं. ही गोळी झीज अडवते, म्हणून हाड घट्ट राहतं. पण जबड्यात जखम झाली की जुनं हाड मोडून नवं व्हावं लागतं आणि ते काम अडून बसतं. "फार क्वचित होतं हे," त्या म्हणाल्या, "पण होतं."

मग मी हाडांच्या डॉक्टरांकडं गेले, ज्यांनी गोळी लिहून दिली होती. हॉस्पिटल तेच, फक्त दोन मजले खाली. त्यांनी माझ्या तोंडात बघितलंसुद्धा नाही. कागद बघितला.

"व्हेरी रेअर," ते म्हणाले. "खुब्याचं हाड मोडणं मात्र रेअर नाही. तुमच्या मनानं गोळी बंद करू नका. मांडीत दुखतं का कधी?"

"मांडीत? का?"

"फार वर्षं घेतली तर क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो."

म्हणजे हाड मोडू नये म्हणून घ्यायची गोळी, आणि तिच्यानंच हाडाला तडा. आणि हे मला आज कळत होतं. तो 'रेअर' शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला, भीतीनं नाही, किळसेनं. किती गुळगुळीत शब्द! हजारांत एकाला होवो की लाखात, मला तोंड एकच आहे आणि घाण त्यातच येत होती.

घरी येऊन मी पाकीट केराच्या डब्यात टाकलं. यजमानांनी ते उचललं, पुसलं आणि फ्रीजवर ठेवलं.

"अक्काची आठवण आहे ना?" एवढंच म्हणाले.

माझी थोरली बहीण, अक्का, बेळगावात असायची. तिनं हाडांचं औषध कधी घेतलंच नाही. "गोळ्या खाऊन का कोण तरुण होतंय?" म्हणायची. न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही. तिच्याजवळ मी राहिले होते. कुशीवर वळवलं की पाठीच्या खालच्या जखमेचा वास खोलीभर पसरायचा. मी पदर नाकाला लावायची आणि ती ते बघायची. कडक शिस्तीची, इस्त्रीची साडी नेसणारी बाई, बेडपॅन सरकवताना माझ्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "लवकर कर गं." त्या अंथरुणातूनच ती गेली.

म्हणजे मला निवड करायची होती ती आजार आणि आरोग्य यांत नव्हतीच. एकीकडं माझ्या तोंडातली घाण, दुसरीकडं अक्काचं अंथरूण. शेजारच्या कानडी बाई कुंपणावरून त्यांच्या मोडक्या मराठीत सांगायच्या, "स्वल्प, थोडी नाचणी खा, सगळं सरी, बरं होतं." पुण्याची सून फोनवर रोज नवा लेख पाठवायची. कुणी म्हणे गोळी विष, कुणी म्हणे अमृत. मी फोन उपडा ठेवायला लागले.

पुढच्या भेटीला मी हाडांच्या डॉक्टरांसमोर बसले आणि म्हटलं, "डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या मॅडमशी तुम्ही बोललात का?"

"रिपोर्ट आहे ना त्यांचा."

"रिपोर्ट नको. त्या जबडा बघतात, तुम्ही खुबा बघता. मी एकच बाई आहे. माझ्यासमोर फोन लावा."

यजमान बाजूला चुळबुळ करायला लागले. "अगं, डॉक्टर आहेत ते," हळूच म्हणाले. पण डॉक्टरांनी फोन लावला. दोघं बरंच बोलले, माझं वय, मनगट, किती वर्षं गोळी, सगळं. फोन ठेवल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला तोंड उघडायला सांगितलं. खुर्ची पुढं ओढून नीट आत बघितलं.

ठरलं ते असं: गोळी सध्या थांबवायची. इतकी वर्षं घेतल्यामुळं तिचा असर हाडात काही काळ टिकतो. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व चालू. चालणं चालू. वर्षानं हाडांची तपासणी. जबड्यासाठी अँटिबायोटिक आणि कडू औषधाच्या चुळा. त्या चुळांनी जीभ तपकिरी झाली, सगळ्या अन्नाला गंजलेल्या पत्र्याची चव आली. महिनोन् महिने हेच.

एका सकाळी चूळ थुंकली आणि बेसिनमध्ये टक्कन आवाज झाला. तांदळाच्या दाण्याएवढा हाडाचा तुकडा. यजमान धावत आले, त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात फिरवून बघितला, कारखान्यात लेथवरून उतरलेला सुटा भाग बघावा तसा. "डबीत ठेवू? डॉक्टरांना दाखवायला?"

"अहो, टाका ते! आधी टाका!" मी किंचाळले.

ते हसायला लागले. मला हसू आलं नाही. पण हिरडी त्यानंतर हळूहळू मिटली आणि वास गेला.

यंदाच्या तपासणीत हाडांचा आकडा थोडा खाली आला आहे. डॉक्टर म्हणतात, आता सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करू. मी विचारलं, "जबड्याला?" ते म्हणाले, "त्यातही धोका आहे, थोडा. आणि एकदा सुरू केलं की मध्येच सोडता येत नाही. सोडलं तर मणके मोडू शकतात." निदान यावेळी आधी सांगितलं. सर्जनबाईंनी बाकीचे दात तपासून दिलेत, एक हलतो आहे, तो इंजेक्शनाआधी बघायचा म्हणतात. मी अजून होकार दिलेला नाही. फूटपाथच्या उखडलेल्या फरशा चुकवत, यजमानांचा दंड धरून, रोज संध्याकाळी चालून येते.