मर्ल डोस्टलच्या पोराचं हेल्मेट

मर्ल डोस्टलसमोर कोच रस्कचं नाव काढायचं नाही, हा आमच्या टेबलाचा नियम होता आणि तो रोज सकाळी मोडला जायचा. मोडायचा मर्ल स्वतःच. बेव्हच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही निवृत्त म्हातारे जमायचो. घरी बायकांना नको झालेले, दुसरं काय! मर्ल आला की आधी पोरासाठी खुर्ची ओढायचा. पोर म्हणजे कर्टिस, चाळिशी ओलांडलेला, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. जर्दाळूचं सारण भरलेल्या कोलाच्याचे, म्हणजे गोड पावाचे, तुकडे करून मर्ल बशी त्याच्यापुढे सरकवायचा आणि मग कोचच्या नावानं बोटं मोडायला मोकळा व्हायचा.

कर्टिस कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता, हेल्मेट घालून धडका झेलत चेंडू फेकणारा. शेवटच्या मॅचमध्ये त्याच्या डोक्याला दणका बसला. तो झोकांड्या खात बाहेर आला, बाकावर बसला आणि थोड्या वेळानं परत आत पळाला. दुसरा दणका बसला तेव्हा त्याला उचलूनच आणावं लागलं. मॅच आम्ही जिंकलो, कप आला. गावात मिरवणूक निघाली आणि पोरगं हॉस्पिटलात होतं. हॉस्पिटलात असेपर्यंतचं जुनं त्याला लख्ख आठवतं, पण त्यानंतर सकाळी ऐकलेलं दुपारी डोक्यात राहत नाही.

याला परत आत कोणी पाठवलं, असं सगळ्यांनी विचारलं तेव्हा कोच एवढंच म्हणाला, "संघ माझा, जबाबदारी माझी." पुढे अवाक्षर नाही. बर्फ वितळायच्या आत तो नोकरी सोडून निघून गेला. गावाचे मात्र दोन तट पडले ते पडलेच. एका तटाला कप दिसायचा, दुसऱ्याला कर्टिस. मर्लची कीव यायची म्हणून मी दुसऱ्या तटात होतो.

यंदा कोच वारला आणि मैदानाला त्याचं नाव द्यायची टूम निघाली. शुक्रवारी गावसभा होती. मर्ल विरोधात बोलणार होता आणि त्या सकाळी आमच्यावरच भाषणाची तालीम करत होता.

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध!" तो टेबलावर मूठ आपटत म्हणाला. "जिवंत होता तेव्हा कोणी पानिपत केलं माझ्या घराचं?"

"अरे, पण कप त्यानंच आणला ना?" एल्डन म्हणाला. एल्डननं आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि कोचची बाजू घेतली. "त्याच्याआधी आपल्याला कुत्रं विचारत नव्हतं."

"कप तुझ्या बसमध्ये लाव!"

"ए, म्हाताऱ्यांनो, हळू," बेव्ह कॉफी ओतताना करवादली. "गिऱ्हाइकं पळतील माझी."

"हळू कशाला? माझं पोरगं डुलत होतं आणि त्या रस्कनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

"बघितलं की," कर्टिस म्हणाला.

तो बोलला म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. या भांडणात तो कधीच पडत नसे.

"त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाला, कर्टिस, तुझी मॅच संपली. मग हेल्मेट काढून घेतलं आणि पाण्याच्या पिंपामागे टॉवेलखाली लपवलं. डोक्याला लागलं की तो सगळ्यांचंच लपवायचा. हेल्मेट नाही तर आत जाता येत नाही ना." तो बापाकडे बघून हसला. "मग तूच नाही का शोधून दिलंस, डॅड?"

दर मॅचला मर्ल कडेला असायचा. दहा यार्ड मोजायची साखळी धरायला गावचीच माणसं लागतात आणि त्यातला एक मर्ल. हे मला ठाऊक होतं, एल्डनला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि एवढी वर्षं आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात काही आलं नव्हतं.

मर्लची टेबलावरची मूठ सुटली. "मला वाटलं, हरवलंय," तो म्हणाला. "तू नुसताच बसला होतास. मला वाटलं, हेल्मेट सापडत नाही म्हणून बसलायस."

"कोच पलीकडे तोंड करून ओरडत होता. मी घातलं आणि पळालो." मग कर्टिसनं एकदम तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! हे तुला सांगायचं नव्हतं. कोच हॉस्पिटलात आला होता, तेव्हा मी त्याला हेल्मेट कोणी दिलं ते सांगितलं. म्हणाला, ते मी लपवलं होतं हे तुझ्या बापाला कधी कळू देऊ नकोस, तो जगणार नाही."

एल्डन, जो वीस वर्षं कोचसाठी भांडला, त्याला जिंकल्याचा आनंद सोडा, मान वर करता येईना. ज्या माणसाला आम्ही रोज कॉफीबरोबर चघळत होतो, त्यानं दुसऱ्याचं पाप उचलून गाव सोडलं होतं. आणि ते पापही नव्हतं. बापाची माया होती.

"मी वाईट बोललो का?" कर्टिसनं विचारलं.

"नाही रे," मर्ल म्हणाला.

शुक्रवारी तो पोराला बेव्हकडे ठेवून सभेला आला. उभा राहिला आणि म्हणाला, "रस्कचं नाव द्या. त्यानं माझ्या पोराला थांबवलं होतं. हेल्मेट मी दिलं." एवढंच बोलून तो खाली बसला. मागून एक बाई रडायला लागली.

शनिवारी तो येईल असं आम्हांला वाटलं नव्हतं. आला. आधी कर्टिसची खुर्ची ओढली. आम्ही सगळे मक्याच्या भावावर बोलायला लागलो, उगीच मोठमोठ्यानं.

"डॅड," कर्टिस म्हणाला, "आज कोचला शिव्या नाही देत?"

"नाही."

"बरं झालं. चांगला होता तो." कर्टिस पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक गोष्ट आहे, डॅड. पण ती मी तुला कधीच सांगणार नाही. कोचला वचन दिलंय."

मर्लच्या हातातली सुरी थांबली. त्यानं पोराकडे बघितलं.

"मग सांगू नकोस, बाळा," तो म्हणाला. "दिलेलं वचन पाळायचं." आणि कोलाच्याचे तुकडे करून त्यानं बशी पोरापुढे सरकवली.