वाघळांचा वरचा पाचुंदा

सन २०२२. मला तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी मी वाघळं मोजायला सुरुवात केली. हसणारे हसले. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मोजणं हे माझं जन्माचं काम.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण खुटबावात नि आसपासच्या गावांत कडबा मोजायचा म्हटलं की लोक मलाच बोलवायचे. आमच्या दौंडकडं ऊस फार, ज्वारी कमी, अन् गोठे भरलेले. मग शिरूरकडून, केंदूरच्या बाजूनं कडब्याचे ट्रक यायचे. ट्रकवाला एकीकडं, घेणारा एकीकडं, मधे मी. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. पहिल्या पाचुंद्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. शेकडा पुरा झाला की घेणाऱ्याला एक पाचुंदा वरचा द्यायचा, तो मोजणीत धरायचा नाही. असा आमचा रिवाज. चाळीस वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी फेरमोजणी लावली नाही. ज्या घरांत आमच्या माणसाला पाणी वरून ओतायचे, त्या घरांतसुद्धा नाही.

तर त्या साली वरवंडच्या शाळेतल्या एक मॅडम आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आल्या. शास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की कालव्याच्या कडेच्या वडावर जी मोठी वाघळं लटकतात, ती वाढतायत का कमी होतायत हे कुणालाच ठाऊक नाही. पगारी माणसं गावोगाव पुरत नाहीत. म्हणून गावातल्याच कुणी महिन्यातून दोनदा, दिवस मावळताना ती झाडावरून निघाली की मोजायची अन् वहीत लिहायची. पैसे मिळणार नाहीत. हे ऐकल्यावर निम्मी माणसं उठली. मी बसून राहिलो. वाघळाला हात लावायचा नाही, झाडाखाली उभं राहायचं नाही, एवढं त्यांनी बजावलं. आणि म्हणाल्या, "आबा, अंदाज चालणार नाही. दिसतील तेवढीच लिहायची."

मी म्हटलं, "अंदाज करणारी मानसं येगळी, मॅडम."

गावात बातमी पसरायला काय लागतं. पारावरच्यांनी विचारलं, वाघळं मोजून बाजाराला न्यायचीत का. एकानं करोनाची आठवण काढली, घरात रोग आणशील म्हणाला. पेरूची बाग असलेला म्हणाला, माझे पेरू किती खाल्ले तेही मोज. मी म्हटलं, तू तुझे पेरू मोजून ठेव, मग बघू.

माझी रीत ठरलेली होती. वडापासून शंभर पावलांवर कालव्याच्या भरावावर एक सपाट दगड आहे, त्यावर बसायचं. उजव्या खिशात हरभरे. पाच वाघळं गेली की एक हरभरा डाव्या खिशात. वीस हरभरे झाले की शेकडा, मग दगडाच्या कडेला एक खडा ठेवायचा. पहिल्या पाचांना लाभ. दिवस बुडला की आधी दोनचार सुटी निघतात, वडाला घिरटी घालतात, मग जी धार लागते ती नदीच्या अंगाला. घाई असते त्यांना. माणसानं डोळा हलवायचा नाही. सूनबाई दर खेपेला सोबत यायची. मला गरज नव्हती, पण भरावावरून परत येताना अंधार होतो आणि तिच्याकडं बॅटरी. ती बाजूला बसून भाजी निवडायची.

वर्षभर एकही खाडा पडू दिला नाही. एकदा ताप होता तरी गेलो. वही निम्मी भरली. तारीख, आभाळ कसं, आकडा. अक्षर वाकडं असेल, आकडा सरळ.

वर्ष भरल्यावर मॅडम पडताळणीला आल्या. माझ्याशेजारी बसून त्यांनीही मोजलं. त्यांच्या हातात एक बारकं यंत्र होतं, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढं सरकायचा. माझी आली आठशे चाळीस. त्यांची आठशे एकोणऐंशी. मी म्हटलं, तुमचा अंगठा दोनदा पडतोय. त्या हसल्या, पण पुढं म्हणाल्या की पंधरा दिवसांनी पुन्हा बसू, आणि तेव्हाही जुळलं नाही तर वर्षाची वही बाजूला ठेवावी लागेल. तिच्यावर 'अंदाजे' असं लिहून.

ते पंधरा दिवस मला भाकर गोड लागली नाही. वही फाडून टाका म्हणाल्या असत्या तर सोसलं असतं. पण माझ्या आकड्यावर 'अंदाजे'?

दुसऱ्या खेपेला मी डोळ्याची पापणी पाडली नाही. माझी सातशे दहा, त्यांची सातशे चव्वेचाळीस. मी उभा राहून मोठ्यानं बोललो. यंत्र खराब आहे, शहरात बनवलेल्या वस्तूवर भरवसा ठेवता आणि चाळीस वर्षांच्या हातावर नाही, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं. उद्या दुपारी मला सगळं वर पाठवायचंय आबा, एवढंच म्हणाल्या. वही त्यांनी सोबत नेली आणि गाडीवर बसून गेल्या.

आम्ही भरावावरून घराकडं निघालो. सूनबाई पुढं बॅटरी धरून, मी मागं. माझं बडबडणं चालूच. वळणावर ती थांबली.

"मामा, एक बोलू का? रागावणार न्हाई ना?"

"बोल की."

"शेकडा झाला की तुमी खडा ठेवता. तवा पाच वाघळं जात्यात. त्यांचा हरभरा तुमी टाकतच न्हाई. दर शेकड्याला. आज मी मुद्दाम बघितलं."

मी म्हटलं, तसं कसं होईल.

"वरचा पाचुंदा सोडताय तुमी," ती म्हणाली. "वाघळांनी काय कडबा घेतलाय व्हय?"

मी रागावलो नाही. रागवायला जागाच नव्हती. माझा हात मलाच दिसला. खडा ठेवतो, आणि डोळ्यांनी पाच जणांना जाऊ देतो, घेणाऱ्याचं म्हणून. मनानं नाही, हातानं. सात शेकड्यांचे पस्तीस. आठांचे चाळीस. यंत्राच्या आकड्याशी जवळजवळ बसत होतं. वर्षभर प्रत्येक पानावर मी रिवाज पाळला होता, आणि शेजारी बाईमाणूस बोललं नसतं तर यंत्राला शिव्या देत मेलो असतो.

तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथंच मिटत होती. गावात मी म्हणालो असतो, यंत्र खोटं. गावानं मानलंही असतं, माझं नाव तेवढं होतं. पण वहीवर 'अंदाजे' पडलं असतं, आणि ते खरं नव्हतं. माझा आकडा चुकलेला होता, अंदाजाचा नव्हता. या दोहोंतला फरक माझ्याशिवाय कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं चौफुल्याला गेलो, तिथून वरवंड. शाळेची प्रार्थना व्हायची होती. मॅडम फाटकातच भेटल्या. जय भीम केला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "तुमचं यंत्र बरोबर हाय. माझा हात चुकला." मग कडब्याची सगळी रीत सांगितली. त्यांनी दोनदा विचारून घेतली. म्हणाल्या, सोपं आहे आबा, मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करून घेते.

मी म्हटलं, न्हाई. वही माझी, चूक माझी, दुरुस्ती माझ्या हातची.

ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. पहिल्या पानापासून प्रत्येक आकड्याखाली जेवढे शेकडे तेवढे पाचुंदे मिळवले आणि खाली अंगठा नाही, सही केली. दोन तास लागले. पोरं जाता-येता बघत होती. मॅडमनी मधल्या सुट्टीत पानं तपासली. या वहीवर 'अंदाजे' लिहायचं काही कारण नाही, म्हणाल्या.

शेवटचं पान मी त्यांच्यापुढं धरलं. सातशे दहा आणि पस्तीस, सातशे पंचेचाळीस. यंत्राची सातशे चव्वेचाळीस.

"कालचं तुमचं एक हुकलंय," मी म्हटलं, आणि चौफुल्याची जीप धरली.