मी वायर बघितली नव्हती

ही गोष्ट सांगायचं मी पाच-सहा वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. नगरजवळच्या केडगावात लोक मला सरळ माणूस म्हणतात. जन्मभर टीव्ही दुरुस्त केले, पण कुणाचा चांगला पार्ट काढून जुना घातला नाही — असं माझ्याबद्दल बोललं जातं. ते खरं आहे. आणि आता कुणी तोंडावर म्हटलं की मला त्याचा संताप येतो. त्या माणसाचा नाही. माझा.

संतोष माझा भाचा, धाकट्या बहिणीचा — कमलचा — मुलगा. घोडेगावचा. केडगावात पुणे रोडला त्यानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. माझा मुलगा नितीन त्याच्याहून मोठा, नोकरीला लागलेला, लग्न झालेला. पण गेम खेळायचं वेड काही सुटलं नाही. त्याला बाजारातलं सगळ्यात भारी मशीन हवं होतं, मोठ्या फोर-के पडद्यावर खेळायला. संतोषनं एकेक भाग निवडून, चित्र रंगवणारं महागडं ग्राफिक्स कार्ड घालून ते जोडून दिलं.

देताना तो काय बोलला ते मला अजून आठवतं. ‘नितीनदादा, फोर-के म्हंजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. त्ये समदे ह्या कार्डाला सेकंदाला साठ-साठ येळा रंगवायचेत. लई भारी दिसंल, पन प्रत्येक नवी गेम सगळ्यात वरच्या सेटिंगला पळंल असं मी म्हननार न्हाई. जड गेम आली की सावल्या एक पायरी खाली घ्यायच्या, डोळ्याला फरक कळत न्हाई. खोली तापंल, पंखा वाजंल. वाजला म्हंजे कार्ड काम करतंय.’

नितीन हसला. ‘विकायला आलायस का भीती घालायला?’

‘आत्ताच सांगतो. नंतर शिव्या नकोत.’

मशीन झकास चाललं. नदीचं पाणी, दगडावरचं शेवाळ, घोड्याची आयाळ — केसन्‌केस दिसायचा. ज्यानं पडद्यावरच्या मुंग्या घालवण्यात आयुष्य काढलं, तो मी नितीनच्या मागं उभा राहून बघत राहायचो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी विळा-कोयता पुजतो, मी माझा मीटर, सोल्डरिंग गन, पेचकस पुजतो. नितीन बायकोला घेऊन पुणतांब्याला, सासुरवाडीला गेला होता. मला वाटलं, त्याचं मशीनही पुजावं. मागच्या वायरी काढल्या, डबा बाहेर घेतला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला सगळं परत जागेवर ठेवलं. पडद्याची वायर लावायला मागं दोन सारख्याच खाचा होत्या — वरची मूळ बोर्डाची, खालची त्या महागड्या कार्डाची. वायर खालच्या खाचेत होती. मी वरच्या खाचेत लावली. पडद्यावर चित्र आलं. चित्र आलं म्हणजे जोडणी बरोबर — टीव्हीवाला एवढंच बघतो.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीसाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

नितीन आला, खेळायला बसला. गेम चिखलातून चालल्यासारखी. घोडा पाऊल उचलायचा आणि हवेतच थांबायचा. सावल्या खाली घेतल्या, सगळंच खाली घेतलं — तेच. पंख्याचा आवाज नाही, खोली गार. मला तेव्हाच कळायला हवं होतं ना? त्यानं संतोषला फोन लावला, स्पीकरवर. संतोषनं दोन-चार गोष्टी विचारल्या. मग म्हणाला, ‘कुनी हलीवलं होतं का मशीन? मामा हायती का तितं? मामा, जरा मागं वाकून बघता का? पडद्याची वायर वरच्या खाचेत हाय का खालच्या?’

म्हणजे त्यानं पहिल्याच फोनला नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. उठून चार पावलं जायचं होतं. मी उठलो नाही. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? काल चड्डीत फिरणारं पोर मला वायरीचं विचारतंय! ‘खालीच हाय,’ मी म्हणालो. ‘मला वायर लावायला शिकवतो व्हय रे?’

‘तसं न्हवं, मामा. चुकलं माझं,’ तो म्हणाला.

वाचलंत ना? माफी त्यानं मागितली. माझी!

नितीन मग भडकला. ‘तूच आधी म्हणाला होतास, सगळं पळणार नाही म्हणून! म्हणजे तुला ठाऊक होतं. कुणाचं तरी घासून झालेलं कार्ड मला चिकटवलंस.’ संतोष विनवत होता — उद्या येतो, तुमच्यासमोर उघडून दाखवतो. ‘घरात पाय ठेवायचा नाही,’ म्हणून नितीननं फोन ठेवला. खरं बोलून ठेवलं होतं, तेच त्या पोराच्या गळ्यात अडकवलं. माझ्या घराचं दार माझ्या भाच्याला बंद होत होतं आणि मी तिथंच बसून सुपारी कातरत होतो. नगरच्या गेमवाल्या पोरांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. नितीननं त्यावर दुकानाचं नाव घालून लिहिलं — इथं जुना माल नवा म्हणून देतात.

दोन दिवसांनी नितीन कामावर गेल्यावर मी वाकून बघितलं. वायर वर होती. म्हणजे ते महागडं कार्ड नुसतं बसून होतं आणि चित्र साधा बोर्डच रंगवत होता.

तेव्हा तरी? तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? मी वायर काढून खाली लावली, आणि संध्याकाळी पोराला सांगितलं, ‘कार्ड ढिलं बसवलं होतं. मी दाबून बसवलं.’ हे मला कुणी विचारलंही नव्हतं. गेम पळाली, पंखा वाजला. नितीननं बायकोला हाक मारली — ‘बघ, बाबांचा हात! त्या गाढवाला कार्डसुद्धा बसवता येत नाही.’ तेही ग्रुपवर गेलं. सूनबाईनं चहा आणला. मी तो आरामात प्यायलो.

भाऊबीजेला कमल आली. ओवाळलं, आणि ताट हातात तसंच धरून तिनं विचारलं, ‘दादा, माझ्या पोरानं खरंच फसवलं व्हय नितीनला?’ मी म्हणालो, ‘जाऊ दे, कमल. पोरांच्या हातून होतं. मी मनात ठेवलेलं न्हाई.’

म्हणजे मी तिला क्षमा केली. मी! हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती मान खाली घालून गेली. त्यानंतर भाऊबीजेला ती आलेली नाही. ‘गुडघे दुखत्यात,’ असं सांगते.

गेमची मशीनं जोडून घेणारी पोरं नगरात असून असून किती? जी होती ती सगळी त्या ग्रुपवर. वर्षभरात संतोषनं दुकान बंद केलं आणि सुप्याला एका कंपनीत लागला. दुकान नाहीतरी बंद पडलंच असतं, असं मी मनाला सांगून बघितलं. म्हाताऱ्या, कुणाला फसवतोस?

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात तो भेटला. मीच कुणाकडून तरी निरोप देऊन त्याला शेजारच्या पाटावर बसवून घेतलं. आज सांगायचंच, असं ठरवून घरून निघालो होतो. केस पिकायला लागलेत त्याचे. त्यानं माझ्या पानात जिलबी वाढायला लावली, मुलीच्या शाळेचं सांगितलं. मग स्वतःहून विचारलं, ‘मामा, नितीनदादाचं मशीन चालतंय ना अजून?’

‘चालतंय,’ मी म्हणालो.

‘चालनारच. चांगलं कार्ड हुतं त्ये.’

एवढंच म्हणाला. चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. माझं तोंड उघडलंही. आणि मी म्हणालो, ‘मठ्ठा घे की रे अजून.’

म्हणायचं होतं ते असं — संतोष, वायर मी चुकीच्या जागी लावली. तू विचारलंस तेव्हा मी न बघता खोटं बोललो, आणि कळल्यावर जाणूनबुजून खोटं बोललो. तू काही केलं नव्हतंस. माझं चुकलं, बाळा.