हाताला शंका आली तेव्हा

पत्नी गेल्यानंतर मी देवाशी बोलणं जवळजवळ सोडून दिलं होतं. सकाळी दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे निरांजन लावायचो, हात जोडायचो, पण ते सवयीनं. तिची एकच इच्छा राहून गेली होती. दोघांनी मिळून गाणगापूरला जायचं, पादुकांचं दर्शन घ्यायचं. हैदराबादहून गाणगापूर काही फार लांब नाही. तरी एकदा निघायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला, एकदा पावसानं रस्ता बंद झाला, आणि पुढे तिच्या आजारपणात तो विषयच मागे पडला. ती गेल्यावर माझ्या मनानं घेतलं की आपल्याला तिथलं बोलावणंच नाही. आपण निघावं आणि त्यानं दरवेळी दार लोटून घ्यावं, तर हाका तरी किती मारायच्या? त्यातच माझी कंबर धरली होती. दुखणं कमरेत खोलवर होतं, काही केल्या हटत नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट. निवृत्तीनंतर बरकतपुऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर हातांनी उपचार करणं शिकवायचो. अंगाला हात लावून दुखणं कुठे आहे ते ओळखायचं, मग हातानंच ते हलकं करायचं, एवढंच ते शिक्षण. ते घर आता पाडलं, तिथे फ्लॅट झाले. पण आजही तिळाच्या तेलाचा वास आला की ती खोली जशीच्या तशी समोर उभी राहते. निळ्या चादरी घातलेली टेबलं, खिडकीबाहेरचा कडुनिंब, खालून येणारा फोडणीचा ठसका आणि जिन्यावर चपलांचा ढीग. मराठी, तेलुगु, दखनी सगळं एकत्र कालवून आम्ही बोलायचो आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

पहिल्या दिवशी मी एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढायचो. एका पानाखाली डोक्याचा केस ठेवायचा आणि वरून बोट फिरवून तो कुठे आहे ते सांगायचं. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. लांब वेण्यांच्या बायका एकमेकींचे केस उपटायच्या आणि हसून बेजार व्हायच्या. बरेच जण दोन-चार पानांनंतर अंदाजानं ठोकून द्यायचे. पद्मम्मा मात्र तसं करत नसत. तेलुगु घरातल्या, पन्नाशीच्या, मुलं मार्गी लागल्यावर शिकायला आलेल्या. सगळ्यांचं आटोपलं तरी त्यांचं बोट अजून पानावरच. "नै मिला सर," असं सरळ सांगायच्या, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मी त्यांना मनातल्या मनात संथ म्हणायचो.

तरी तिची इच्छा म्हणून शेवटचा एक प्रयत्न करायचा, म्हणून एका गुरुवारी मी दुपारच्या बसनं गाणगापूरला निघणार होतो. एकटाच. गौलीगुड्याच्या स्टँडवरून गाडी होती, पिशवी भरून वर्गातच आणून ठेवली होती. सकाळचा तास आटोपायचा आणि थेट निघायचं, असं ठरवलं होतं. श्वासाबरोबर पोट कसं हलतं ते हातानं ओळखायचा धडा होता. पण सरावासाठी टेबलावर झोपायला नेहमी येणारे शेजारचे गृहस्थ त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेले होते. विद्यार्थी आपसात जोड्या लावू लागले, एकट्या पद्मम्मा उरल्या. एवढ्या वर्षांत मी कधीच कुणासाठी झोपलो नव्हतो. त्या दिवशी कंबरही ठणकत होती, म्हटलं तेवढंच आडवं होऊ.

त्यांनी हातावर हात चोळून ऊब आणली आणि सदऱ्यावरूनच दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवले. मी डोळे मिटले. लहानपणी पोट दुखलं की आई हिंगाचं पाणी लावून असाच तळवा ठेवायची आणि दत्ताचं नाव घेत बसायची. आईनंतर पत्नीचा हात होता. ती गेल्यापासून मला कुणी असा हात लावलाच नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. कुणी पाहू नये म्हणून मी ते मिटूनच ठेवले.

पद्मम्मांचे हात थांबले. बराच वेळ हललेच नाहीत.

"सर, इधर कुछ तो बी है जी."

"नाडी है अम्मा. दुबला आदमी हूँ, दुबलों की लगती."

"ऊपर नै उछल रा सर. बाजू कू ढकेल रा. मेरे दोनों हाथ दूर-दूर जा रे."

हे ऐकलं आणि मी खाडकन डोळे उघडले. पोटातल्या मोठ्या धमनीला फुगा आला, तर तिचे ठोके हाताला असेच लागतात, बाजूला ढकलतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. पद्मम्मांना तो धडा आठवत होता की नाही, कोण जाणे. हाताला जे लागलं तेवढं त्यांनी सांगितलं. मी माझे हात ठेवून पाहिले. कमरेचं दुखणं कुठून येत होतं ते एकदम कळलं.

तरीही मी उठून पिशवीकडे पाहिलं. म्हटलं, "आल्यावर दाखवतो. यावेळी राहिलं तर कायमचंच राहील."

पद्मम्मा कधी आवाज चढवत नसत. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "आपीच बोले थे ना सर, हाथ कू शक आया तो रुकना? भगवान कहाँ जाते? वहींच रहते. पहले दवाखाना चलो."

मला राग आला. त्यांचा नव्हे, देवाचा. पुन्हा त्यानं दार लोटलं होतं. तसाच धुमसत मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला खुर्चीतून उठूही दिलं नाही. म्हणाले, "बसचे धक्के खात गेला असता तर वाटेतच ही धमनी फुटली असती. कुणी ओळखलं हे?" मी पद्मम्मांकडे बोट केलं. त्या साडीचा पदर तोंडाला लावून रडत होत्या. मुलीला पुण्याला फोन लावला आणि मी तो पद्मम्मांच्या हातात दिला, त्याच बोलल्या.

ऑपरेशनच्या टेबलावर घेताना मला उचलणारा माणूस म्हणाला, "ढीला छोडो जी, हम पकड लिये." तेव्हा कळलं, मी स्वतःला धरून ठेवलं होतं. मान, खांदे, सगळं. पत्नी गेली त्या दिवसापासून धरून ठेवलं असावं. लोकांना वजन सोडायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं होतं. मी सोडलं. आणि कितीतरी महिन्यांनी देवाशी बोललो. म्हटलं, महाराज, यायचं की राहायचं, तुम्ही ठरवा. भीती गेली असं म्हणणार नाही, पण ती माझ्या एकट्याची राहिली नाही.

बरा झाल्यावर मुलीबरोबर गाणगापूरला जाऊन आलो. वाटलं होतं तिथे पुष्कळ विचारीन. पादुकांपुढे उभा राहिलो तेव्हा काही विचारावंसंच वाटलं नाही. ज्याला मी लोटलेलं दार समजत होतो, तो मला मागे ओढणारा हात असेल का? मला ठाऊक नाही. शेजारच्या गृहस्थांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं म्हणून ते आले नाहीत, इतकं खरं.

पद्मम्मा आता काचीगुड्यात स्वतःचा वर्ग घेतात. मी गुरुवारी जातो, पण शिकवायला नाही, टेबलावर झोपायला. नव्या मुलींचे हात गार असतात, बिचकलेले असतात. पोटावरचा लांब व्रण बोटांना लागला की एखादी झटकन हात मागे घेते. पद्मम्मा म्हणतात, "डरो नक्को, रखो." मग तो हात पुन्हा येतो, हळूच टेकतो, थोड्या वेळानं ऊबदार होतो. मी डोळे मिटून पडून राहतो. यातला माणसाचा हात कुठला आणि देवाचा कुठला, हे वेगळं करायच्या भानगडीत मी आता पडत नाही.