फाटकापर्यंतचा नवरा

घुग्घुसच्या दवाखान्यात गुप्तरोगाच्या तपासणीला मी एकटीच बसले होते. शेजारी बसलेल्या बाईचा नवरा मात्र खाणीतून थेट येऊन बाही वर करून बसला होता. दोघींच्या नवऱ्यांनी बाहेर माती खाल्लेली.

सिस्टर म्हणाल्या, "लवकर आलात. काही रोग रक्तात उशिरा दिसतात. आजचा रिपोर्ट चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा या. तोवर निरोध वापरा."

"दोघंबी येऊ," शेजारची बाई म्हणाली. मग मला म्हणाली, "शेण त्यानं खाल्लं, तं सुई मी एकटीनंच काऊन टोचून घेऊ?"

तो मान खाली घालून तिच्या हातावरचा कापूस दाबून धरत होता. मला त्या कापसाचाही हेवा वाटला.

तीन महिन्यांनी ती दोघं पुन्हा आली. माझा नवरा फाटकाबाहेर गाडी चालूच ठेवून उभा होता.