ताडपत्रीचं शीड

मासळीवाले मामा आधी बोट जिभेला लावायचे, मग ते वर धरायचे आणि वारा कुठून येतोय ते ठरवूनच टेम्पोतून मासळीच्या पाट्या उतरवायचे. केडगावात, माझ्या खानावळीच्या मागच्या दाराशी.

"वारा पश्चिमेचा हाय, बाई."

"पापलेट कधीचं आहे ते सांगा."

तरुणपणी भावाशी भांडून ते संगमनेरकडचं गाव सोडून निघाले आणि कोकणात जाऊन खलाशी झाले, असं त्यांचं म्हणणं. आधी शिडाच्या होडीवर, मग मशीनच्या बोटीवर. "शिडावर गेलं की वारा म्हनंल तवा घरी. मशीनवर गेलं की बर्फ संपंल तवा."

एकदा भर समुद्रात मशीन बंद पडली, सगळ्यांनी हात टेकले आणि मामांनी जुनं शीड बांधून बोट बंदराला लावली. ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली. दर वेळी बोट किनाऱ्यापासून थोडी आणखी लांब गेलेली असायची. शेवट मात्र तोच. "मशीन बंद पडली तरी शीड हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं ऐकून घ्यावं आणि नजर तराजूवर ठेवावी.

एकदा मी विचारलं, "पोहता येतं का?"

"न्हाई."

"खलाशी, आणि पोहता येत नाही?"

"पवता आलं तर मानूस नाव सांभाळंल का?"

भाकरी थापणाऱ्या दोघी हसून खाली बसल्या. यांनी समुद्र कुठला, आपलं मुळा धरणच पाहिलं असणार, म्हणून तेव्हापासून मी त्यांना मुळा धरणाचे खलाशी म्हणू लागले. ते म्हणायचे, "बाई, येकदा तरी खरं माना."

मग तो आषाढ. शेजारच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा होता. साठ माणसांचं मासळीचं जेवण माझ्याकडे. अकराला मामांचा फोन आला. टेम्पो पुणे रोडवर, गावाबाहेर बंद पडला होता.

"मशीन गेली, बाई."

"मग लावा शीड," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मसाला वाटून तयार होता आणि माझं डोकं तापलं होतं.

अर्ध्या तासाने रस्त्यावर शिट्ट्या ऐकू आल्या. दोन बांबूंना निळी ताडपत्री बांधलेली, ती गर्भार बाईसारखी फुगलेली आणि खाली टेम्पो, माणसाच्या चालीने येत होता. मागे मोटारसायकलींची वरात. मामा इकडेतिकडे न बघता बसले होते.

"उतार हाय तिकडून," पानवाला म्हणाला.

"उतार पुलापाशी संपतो," मामा म्हणाले. "फुडं कुनी ढकलला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पुलापुढे रस्ता सपाट आहे, हे मला ठाऊक होतं. त्यांना माझं एक वाक्य हवं होतं.

"पाट्या उतरवा," मी म्हणाले. "कालवणाला उशीर होतोय."

त्या दिवशी त्यांनी वारा न बघताच पाट्या उतरवल्या.

यंदा आषाढातच मामा गेले. त्यांना नेणारी गाडी खानावळीसमोर आली आणि बंद पडली. ड्रायव्हरने तीनचारदा चावी फिरवली. माणसं खाली उतरून एकमेकांकडे बघू लागली. कोणाला हसू आलं असेल तर त्याने ते दाबलं.

मी बोट जिभेला लावून वर धरलं.

"ढकला," मी म्हणाले. "वारा पाठीमागून आहे. आणि आत खलाशी आहे."