प्रभाकरची शनिवारची बरणी

बातमी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आली. मी न्यू जर्सीतल्या आमच्या दैनिकाच्या कॉपी डेस्कवर एका शाळा मंडळाच्या बैठकीचा मजकूर कापत होतो. प्रभाकरच्या बायकोने, निर्मलावहिनींनी, फोनवर मोजकंच सांगितलं. प्रभाकर लॅबच्या पार्किंगमध्ये, गाडीत सापडला. हार्ट अटॅक. वय बावन्न. मी सवयीने पॅडवर सगळं टिपून घेतलं आणि त्याच्या आडनावाचं स्पेलिंग तपासलं... पुण्याच्या हॉस्टेलपासून ओळखत असलेल्या माणसाच्या आडनावाचं.

तेराव्या दिवशी वेस्ट विंडसरच्या त्याच्या घरी साठेक माणसं जमली होती. बेसमेंटमध्ये कागदी प्लेट घेऊन लोक त्याच्या जपानी खाण्याच्या आवडीबद्दल बोलत होते. एकजण म्हणाले, आपल्यात असा अ‍ॅडव्हेंचरस माणूस दुसरा नव्हता. दुसरे म्हणाले, तो काळाच्या पुढे होता. याच मंडळींनी गेली चार वर्षं मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याच्या भांड्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. गणपतीला त्याने आणलेली साधी बटाट्याची भाजी तशीच्या तशी परत गेलेली मी पाहिली आहे. ती खोटी हळहळ ऐकताना मला किळस आली. किळस हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण तिचा मोठा वाटा माझा मलाच उचलायचा आहे.

प्रभाकर वाईचा. घरात अंडंसुद्धा येत नसे. तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता आणि आंबवण्याच्या प्रक्रियांवर काम करायचा. ऐंशीच्या सुमारास त्याच्या कंपनीत जपानी संशोधकांचं येणंजाणं सुरू झालं, त्यातल्या कुणीतरी त्याला मिसोचा डबा भेट दिला. मिसो म्हणजे सोयाबीन आणि तांदूळ आंबवून केलेला खारट लगदा. त्याचा रंग आणि पोत कशाची आठवण करून देतो ते इथे लिहीत नाही. प्रभाकरने तो बोटाने चाटला आणि हे आपल्या दह्याचं चुलत भावंड आहे, असं जाहीर केलं. तेव्हापासून दर शनिवारी तो तासभर गाडी चालवून फोर्ट लीजवळच्या एका जपानी दुकानात जायचा, माहीत नसलेली एक वस्तू आणायचा, खायचा आणि तिच्याबद्दल एका वहीत लिहायचा. दुकानदाराला तो प्रत्येक वेळी तेच विचारायचा, मीट नाही ना यात? नो मीट, असं उत्तर आलं की वस्तू पिशवीत.

अनेक शनिवारी मी सोबत होतो. मी रत्नागिरीकडचा, मासेखाऊ, पण ते पदार्थ माझ्या घशाखाली उतरत नसत. पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा वास गाडीच्या सीटमध्ये शिरला तो उन्हाळाभर गेला नाही. आंबवलेल्या सोयाबीनचा एक प्रकार होता, चमच्याने उचलला की त्याला लाळेसारख्या तारा सुटायच्या आणि वास न धुतलेल्या मोज्यांचा. गरम केलेली तांदळाची दारू मला खोकल्याच्या औषधासारखी लागली. तो मात्र तारा बोटाभोवती गुंडाळून तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "नाक धर आणि गिळ यार. पहिल्या वेळेला चीजसुद्धा ओकलास ना तू?"

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात त्याची आई आली. वडील गेल्यावर वाईला त्या एकट्याच होत्या. चौऱ्याहत्तरीच्या, बारीक चणीच्या, दात गेलेले. आल्या आणि त्यांचं अन्न तुटलं. पोळी चावत नव्हती, वरण नको वाटायचं, इथल्या दुधाला वास येतो म्हणायच्या. डिसेंबरपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर अ‍ॅडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. जानेवारीत एका सकाळी प्रभाकरने त्यांना मिसोचं सूप करून दिलं. पाण्यात एका पाकिटातली तपकिरी पावडर उकळायची आणि वरून मिसो ढवळायचा, एवढीच कृती. काकूंनी ते काळं वाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि रिकामं करून पुढे केलं. मुगाच्या कढणासारखं लागतं, म्हणाल्या, जिभेला चव आली. मग सकाळ-संध्याकाळ तेच. त्यात मऊ भात कालवून खाऊ लागल्या. मार्चमध्ये डॉक्टरांनी नळीचा विषय सोडून दिला. प्रभाकरला इतका खूश मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्या मार्चमध्येच मी त्याच्या किचनमध्ये उभा असताना ते पाकीट उघडं होतं. मला वास ओळखू आला. आमच्या माळ्यावर पावसाळ्यासाठी बांधून ठेवलेल्या सुकटीचा तो वास होता. त्या घरात कित्येक पिढ्यांत कुणी सुका मासा हुंगलेला नव्हता, त्यामुळे आपण काय उकळतो आहोत हे कुणालाच कळण्याची शक्यता नव्हती. पाकिटावर सगळं जपानीत, वर चिकटवलेल्या इंग्रजी पट्टीवर फक्त 'सूप स्टॉक'. मी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात फोन करून खात्री करून घेतली. दुकानदार म्हणाला, बोनिटो, सुकवलेला, किसलेला. तुम्ही मीट नाही म्हणाला होतात, असं मी म्हटल्यावर त्याला प्रश्नच कळला नाही. मीट नाहीच, तो म्हणाला, फिश आहे.

मी प्रभाकरला सांगितलं तेव्हा तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तिला सांगायचं नाही. तिने पुन्हा खाणं सोडलं तर?" मी म्हटलं, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची असते, चूक लपवायची नसते. तो म्हणाला, "ही माझी आई आहे. तुझा पेपर नाही."

त्या दिवसापासून त्याने ती पावडर बंद केली. मासा न घालता तीच चव आणायची, म्हणून तो प्रयोगाला लागला. समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी बरणीत पाण्यात भिजत घालायची, कधी सुके मशरूम, कधी भाजलेलं सोयाबीन. भिजलेली पट्टी फुगून बुळबुळीत व्हायची, पाण्याला भरती उतरलेल्या किनाऱ्याचा वास यायचा. फ्रिज उघडला की मी मागे सरायचो. प्रत्येक प्रयोगाला वहीत नंबर आणि त्यापुढे काकूंचं मत. ते एकच असायचं, पाणचट. तरी त्या खात होत्या, थोडं कमी, पण खात होत्या.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी आम्ही चौघं टेबलाशी होतो. काकूंनी घोट घेतला, वाडगं खाली ठेवलं आणि रोज विचारायच्या तेच पुन्हा विचारलं, "प्रभ्या, पूर्वी यात काय घालायचास रे? ते का बंद केलंस?"

प्रभाकर म्हणाला, तो माल आता दुकानात येत नाही. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं. तो मला गप्प राहायला सांगत होता, हे मला कळलं होतं.

"मासा होता त्यात, काकू," मी म्हटलं.

नेमका, छोटा, खरा शब्द. तो उच्चारताना मला हेडिंग जागेत चपखल बसल्यासारखं समाधान झालं होतं. ते समाधान मला अजून आठवतं, आणि त्या फ्रिजमधल्या कुठल्याही वासापेक्षा त्याची किळस जास्त येते.

काकू उठून बाथरूममध्ये गेल्या. त्यांना झालेल्या उलट्या आम्ही टेबलाशी बसून ऐकल्या. तोंड धुऊन त्या परत आल्या आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तुला कधी कळलं?" त्यांनी प्रभाकरला विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे मी रोज विचारत होते," त्या म्हणाल्या. "मासा काय, ओकून जातो."

त्यानंतर त्या घरात त्यांनी मुलाच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतः सोललेली केळी, स्वतः तापवलेलं दूध. महिन्याच्या आत परत गेल्या. जाताना वजन पुन्हा डिसेंबरइतकं झालं होतं. पुढच्या वर्षी वाईला त्या वारल्या. त्याच कारणाने, असं मी म्हणू शकत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण नाही असंही म्हणू शकत नाही. मंडळात ही हकिगत पसरली, ती माझ्याच तोंडून. एका जेवणात मी ती गंमत म्हणून सांगितली आणि लोक पोट धरून हसले. बटाट्याची भाजी परत गेली ती त्यानंतर.

प्रभाकर मला एका शब्दानेही बोलला नाही. शनिवारी फोन करायचा, येतोस का, एवढंच विचारायचा. मी बहुतेक वेळा डेस्कवर काम असल्याचं सांगत असे. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या पानावर दुरुस्ती छापता येते. मी खोटं काहीच बोललो नव्हतो, त्यामुळे ती सोयही नव्हती.

गेल्या शनिवारी निर्मलावहिनींनी बोलावलं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली बरणी त्यांना काढवत नव्हती. प्रभाकरने ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भिजत घातली होती. काकू वाईला परत गेल्यानंतरही तो दर आठवड्याला ती भरत होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी झाकण उघडलं. पट्टी गळून काळपट जेली झाली होती, वर पांढरी साय धरली होती. मला सिंकवर वाकून उमासे आले. वहिनी मागे उभ्या होत्या. मी बरणी ओतली, तीनदा साबणाने धुतली आणि पालथी घातली.

वही फ्रिजवरच होती. शेवटच्या प्रयोगाचा नंबर दोनशे सात. तारीख, पाण्याचं माप, भिजवण्याचे तास, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. शेवटच्या रकान्याचं नाव त्याने बदललेलं नव्हतं. तिथे 'आई' असंच होतं, आणि त्याखाली दोनशे सहा वेळा पाणचट, काकू गेल्यानंतरचंही त्याने स्वतःच लिहिलेलं. दोनशे सातची जागा कोरी होती.